वडाच्या जागी चेरी

ज्या चेरीला खाण्यासारखं फळ धरत नाही, ती चेरी वाढवून मी एवढी वर्षं पगार घेतला. हे सांगितलं की आपली माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, मग ती लावतात कशाला? फुलांसाठी लावतात. एप्रिलमध्ये आठ-दहा दिवस झाड फुलतं. मध्येच वारा-पाऊस आला तर चार दिवसांतही आटोपतं. बाकीचं वर्ष ते साधं झाड असतं, त्यातही किडीला आवडणारं. माझा धाकटा भाऊ मधू इंजिनियर आहे. तो म्हणायचा, "अक्का, हे प्रॉडक्ट कुणी माझ्यासमोर मांडलं असतं ना, तर मी मीटिंगमध्येच रिजेक्ट केलं असतं."

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम बघणारी मुलगी म्हणाली, मावशी, तुमच्या नोकरीबद्दल लिहा, असं काम आपल्यात कुणी केलेलं नाही. मी तिला हो म्हटलं नाही. चार माणसांत दोन वाक्यं बोलायची तरी माझा घसा सुकतो, आणि माझी शाळा चौथीपर्यंत. पण दुपारी घरात कुणी नसतं, तेव्हा लिहायला काय हरकत आहे म्हणून बसले. तिला द्यायचं की नाही ते नंतर बघू.

मधूनं मला इकडे अमेरिकेत आणलं ते त्याची मुलं सांभाळायला. माझे यजमान वारले होते, मूलबाळ नव्हतं, आणि सासरी माझ्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. एडिसनपासून थोडं लांब मधूचं घर होतं. दोन्ही मुलं पूर्णवेळ शाळेत जायला लागली तेव्हा दिवसभर त्या घरात मी आणि फ्रिजचा आवाज, एवढेच उरलो. आमच्या रस्त्याच्या टोकाला झाडांची नर्सरी होती. मला गाडी चालवता येत नाही. पायी जाता येईल अशी तेवढी एकच नोकरी होती.

नर्सरीचा मालक वॉल्टर. उंच, पाठीत वाकलेला, साठीच्या आसपासचा. तो कमी बोलायचा आणि मी त्याहून कमी, त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. मधूनं त्याला सांगितलं की माझी बहीण कलमं बांधणाऱ्याच्या घरातली आहे. ते खरं होतं. माझं माहेर रत्नागिरीकडचं, वडील आंब्याची कलमं करून विकायचे आणि आम्ही बहिणी त्यांच्या हाताखाली असायचो. वॉल्टरनं माझ्यापुढे एक काडी आणि चाकू ठेवला. मी काप घेतला. त्यानं तो अंगठ्यानं चाचपला आणि दुसऱ्या दिवशी किती वाजता यायचं ते सांगितलं.

पण आंबा आला म्हणजे चेरी आली असं नाही. आंब्याचं कलम पावसाळ्याच्या तोंडाला, हवा ओली असताना, जिवंत हिरव्या काडीचं. चेरीचं काम ऐन थंडीत. जानेवारीत बर्फात उभं राहून काड्या कापायच्या, ओल्या भुश्शात गुंडाळून शीतघरात ठेवायच्या, आणि फेब्रुवारीत शेडमध्ये रॉकेलच्या शेगडीजवळ बसून त्या खुंटांना जोडायच्या. खुंट म्हणजे खालचं मुळांचं झाड. तोही झोपलेला, काडीही झोपलेली. पहिल्या वर्षी मला वाटायचं आपण लाकडाला लाकूड बांधतोय. मग मार्चच्या अखेरीला एखाद्या काडीवर तांदळाएवढा हिरवा ठिपका यायचा आणि मी तो दिवसातून तीनदा बघून यायची.

या झाडाचे नखरे थोडक्यात सांगते. पाण्यात पाय बुडालेले त्याला चालत नाहीत, चिकणमातीत ते कुजतं. छाटणी उन्हाळ्यात, कोरड्या हवेत करायची. पावसाळी दिवसांत केलेल्या जखमेतून रोग शिरतो. दुखलं की त्याला डिंक सुटतो, मधाच्या रंगाचा. डिंक दिसला की समजायचं कुठेतरी काहीतरी बिनसलंय. आणि ते फार जगत नाही. वीस-पंचवीस वर्षं जगलं तर पुष्कळ. गिऱ्हाइकाला हे आपणहून सांगायचं नाही, विचारलं तर खोटं बोलायचं नाही, हा वॉल्टरचा नियम.

गिऱ्हाईक आलं की मी शक्यतो झाडांच्या ओळींत मागे जायची. पण आपल्या लोकांची वस्ती वाढत होती, आणि नाकात चमकी दिसली की ते थेट माझ्याकडेच यायचे. नागपूरचा एक नवा इंजिनियर होता. त्यानं सप्टेंबरात झाड नेलं आणि डिसेंबरात मुळांच्या गोणपाटासकट उपटून परत आणलं. म्हणाला, मावशी, हे मेलं, एकही पान राहिलं नाही, दुसरं द्या. मी काडीची साल नखानं खरवडून आतला हिरवा रंग दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मग आमच्या कॉलनीतली सगळीच झाडं जिवंत आहेत का?" तो इथला त्याचा पहिलाच हिवाळा होता.

एक अमेरिकन गृहस्थ दर वसंतात भांडायला यायचे. त्यांच्या नव्या काळ्या गाडीवर ओल्या पाकळ्या चिकटून बसायच्या. त्यांना फुलणारं पण पाकळ्या न गाळणारं झाड हवं होतं. वॉल्टरनं त्यांना तीन वर्षं सांगितलं की गाडी पलीकडे लावा. चौथ्या वर्षी त्यांनी गाडी विकली आणि पांढरी घेतली.

एका बाईंना मुलीच्या लग्नात, मे महिन्यात, मांडवाच्या दोन बाजूंना फुललेली चेरी हवी होती. मे महिन्यात चेरी फुलत नाही. वॉल्टरनं कुंडीतली दोन झाडं एका शेतकऱ्याच्या सफरचंदांच्या शीतघरात कळ्यांवरच अडवून ठेवली. लग्नाच्या आदल्या दिवशी बाहेर काढली तर हवा अशी तापली की उघड्या ट्रकमध्ये, वाटेतच ती फुलली आणि हायवेवर निम्मी उडून गेली. मी मागे बसून चादर धरत होते. नवरीची आई आम्हाला नाही नाही ते बोलली. नवरीनं मात्र ट्रकच्या तळात साचलेल्या पाकळ्या ओंजळीनं गोळा केल्या आणि जेवणाच्या टेबलांवर पसरल्या. वॉल्टरनं त्या कामाचे पैसे घेतले नाहीत आणि पुन्हा असलं काम घेतलंही नाही.

आता सबनीसांच्या झाडाबद्दल. लिहायला बसले ती खरी या झाडासाठी.

डॉक्टर सबनीस भूल देणारे डॉक्टर. त्यांच्या पत्नी नलिनीताई गावातल्या लायब्ररीत काम करायच्या. त्यांनी नवं घर घेतलं तेव्हा पुढच्या अंगणासाठी लोंबती चेरी नेली. लोंबती चेरी म्हणजे सरळ खोडावर, माणसाच्या डोक्याच्या उंचीला, लोंबणाऱ्या जातीचं कलम बांधलेलं असतं. सगळ्या फांद्या वरून सुटून खाली जमिनीकडे येतात. ते झाड आमच्याच शेडमधलं होतं, आणि ते लावायला वॉल्टरबरोबर मी गेले होते. नलिनीताई एक फांदी हातात धरून म्हणाल्या, "अगदी पारंब्यांसारख्या आहेत, नाही?" मी हो म्हटलं. त्यांनी चहाला आत बोलावलं, तो मी ट्रकपाशी उभ्या उभ्या घेतला.

वटपौर्णिमेला इथे वड कुठून आणणार? तोवर बायका कागदावर वड काढायच्या, नाहीतर कुणाच्या तरी दिवाणखान्यातल्या कुंडीची पूजा करायच्या. चेरी लावली त्या वर्षीच्या जूनपासून आजूबाजूच्या गावांतल्या सगळ्या नलिनीताईंच्या अंगणात तिच्यापाशी जमायला लागल्या. ऑफिसातून हाफ डे घेऊन यायच्या, गाडीत साडी नेसायच्या, ओटीत आंब्याच्या जागी पीच घालायच्या. मधूची बायको शरयू जायची. ती घरी येऊन सगळं सांगायची, समोरचा म्हातारा हातातला पाण्याचा पाइप बंद न करता कसा बघत राहिला तेसुद्धा. मला कुणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी मी गेले नसते. ते व्रत सवाष्णींचं.

पहिल्या वर्षीचा दोरा कुणाच्या तरी बॅगेतून आलेलं कच्चं सूत होतं. ते पावसापाण्यानं दिवाळीपर्यंत गळून गेलं. पुढच्या वर्षी सूत मिळालं नाही, म्हणून कुणीतरी कापडाच्या दुकानातून सोफे शिवायचा दोरा आणला. चकचकीत, पिवळा, तुटता तुटेना असा. तो बायकांना आवडला, आणि मग दर वर्षी तोच यायला लागला. एकेकीचे सात फेरे. बांधलेला दोरा कुणी काढत नाही. आमच्या गावातही काढत नसत, पण तिथे सूत कुजायचं, शेळ्या ओढून न्यायच्या, आणि वडाचं खोड चार जणींच्या कवेत न मावणारं. दोऱ्याचं त्याला काय होणार? चेरीचं खोड मनगटाएवढं होतं आणि दर वर्षी जाड होत होतं. नायलॉनचा दोरा कुजत नाही.

एका जानेवारीत डॉक्टरांना हार्ट अॅटॅक आला. बायपास झाली. त्या काळात ते मोठं होतं, मंडळात सगळ्यांच्या तोंडी तेच. फेब्रुवारीत ते घरी आले.

एप्रिलच्या शेवटी नर्सरीत फोन आला आणि वॉल्टरनं तो माझ्या हातात दिला. मला फोनवर बोलायला नको वाटायचं. नलिनीताई म्हणत होत्या की फुलं कधी नव्हे एवढी आली, पण आता पानं येतायत ती नखाएवढी, पिवळट. तुम्ही येऊन बघता का? कधी नव्हे एवढी फुलं, हे ऐकूनच मला बरं वाटलं नाही. जीव धोक्यात आला की झाड असंच करतं.

जाऊन फांद्या बाजूला केल्या. कमरेच्या उंचीला खोडावर दोऱ्यांचा पट्टा होता, हळदकुंकवानं माखलेला. वरचे दोरे सुटे होते. खालचे सालीत रुतलेले, काही तर दिसतही नव्हते. पट्ट्याच्या वर खोड फुगलं होतं, जुनी अंगठी रुतलेल्या बोटासारखं, आणि तिथून डिंक ओघळत होता. पानं जे अन्न तयार करतात ते सालीच्या आतल्या पदरातून मुळांकडे उतरतं. ती वाट या दोऱ्यांनी बंद केली होती. मुळं उपाशी होती.

मी नलिनीताईंना तेवढंच सांगितलं आणि म्हटलं, दोरे कापावे लागतील, आजच कापते.

"नाही," त्या म्हणाल्या. "ते नाही कापायचे."

मग त्या पायरीवर बसल्या आणि बोलल्या. ऑपरेशन चाललं होतं तेव्हा बाहेर बसून त्या दुसरं काही आठवत नव्हत्या, फक्त हे दोरे. किती फेरे, कुठल्या वर्षी कोण कोण होतं. "सर्जनवर विश्वास नव्हता असं नाही हो. दोघांवर होता. पण सर्जनचं काम झालं, तो घरी गेला. या दोऱ्यांचं अजून चालू आहे." मला म्हणाल्या, खत घाला, औषध मारा, लागेल तो खर्च करू, पण दोऱ्याला हात लावू नका. आणि मग खाली बघून, "आणि कापायचेच झाले तरी तुमच्या हातून..." एवढं बोलून थांबल्या आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. नवल मात्र वाटलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तसंच म्हटलं असतं, कदाचित बोलून दाखवलं नसतं.

दोरे ठेवले तर झाड जाणार आणि दोऱ्यांसकट जाणार, हे त्यांनाही कळत होतं. त्यासाठीच तर त्यांनी फोन केला होता. एकीकडे दोरे, एकीकडे झाड, आणि दोन्हींवर त्यांनी एकच माणूस टांगून ठेवला होता.

वॉल्टरला सांगितलं तर तो म्हणाला, कापून टाक, दोरीच तर आहे. मी माझ्या इंग्रजीत समजावलं. हजबंड सिक. स्ट्रिंग फॉर हजबंड. तो डोक्यावरची टोपी काढून आतली घामाची पट्टी बघत राहिला. मग म्हणाला की पूल बांधता येईल. शीतघरात थोड्या काड्या उरल्या होत्या. दोऱ्यांच्या खाली सालीत काडीचं एक टोक बसवायचं, दुसरं टोक दोऱ्यांच्या वर. काडी धरली तर अन्न त्या पुलावरून उतरेल आणि दोऱ्यांना हात लावावा लागणार नाही. सशानं साल कुरतडलेल्या झाडांना तो असं करायचा. पण त्यानं हेही बजावलं की ही वर्षा-दोन वर्षांची सोय आहे. खोड वाढत जाईल तसे दोरे लाकडात शिरतील, आणि एखाद्या वादळात झाड तिथेच मोडेल. हे तिला सांग, म्हणाला. मी सांगितलं. नलिनीताई म्हणाल्या, दोन वर्षं पुष्कळ झाली.

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले, वॉल्टर मला सोडून पुढच्या कामाला गेला. खोडाच्या चारी बाजूंनी चार काड्या बसवल्या. टोकं चपटी तासून सालीखाली सरकवायची, बारीक खिळा, वर रबराची पट्टी ताणून बांधायची, वर मेण. काडी किंचित धनुष्यासारखी वाकवायची, म्हणजे वाऱ्यानं खोड हललं तरी निसटत नाही. नलिनीताई पायरीवर बसून दोऱ्यांवर लक्ष ठेवून होत्या.

डॉक्टर बाहेर आले. स्वेटर, मफलर, पायात चपला. त्यांना टपालाच्या डब्यापर्यंत जाऊन परत येण्याएवढं चालायला सांगितलं होतं. माझ्याजवळ थांबून त्यांनी दोन काड्या नीट बघितल्या आणि हसले.

"ही बायपासच की हो. माझ्या पायातली शीर काढून छातीत जोडली, तसंच."

मी मान हलवली.

"नलू, बघितलंस का? फक्त माझे टाके नंतर काढले हं त्यांनी. तसेच ठेवले नाहीत."

"तुम्ही आत जा," नलिनीताई म्हणाल्या. "वारा सुटलाय."

डॉक्टर टपालाच्या डब्याकडे गेले. त्या दिवशी दोऱ्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

मेण लावून झाल्यावर नलिनीताईंनी चहा आणला आणि या वेळी तो मी पायरीवर बसून घेतला. त्यांनी विचारलं, तुमचे मिस्टर कशानं गेले? मी सांगितलं, विहिरीचं काम चालू होतं, दरड ढासळली. त्या थोडा वेळ कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या.

"तुम्ही करायचात वटपौर्णिमा?"

"दर वर्षी. गावात मोठा वड होता."

वॉल्टर न्यायला आला तेव्हा मला उठताना जड झालं. मी खरं तेच सांगितलं होतं. पण ज्या बाईचा नवरा तीन महिन्यांपूर्वी मरता मरता वाचला, तिला ते त्या वेळी सांगायला हवं होतं का? नुसतं "करायची" म्हणून थांबता आलं असतं. या नोकरीत मी झाडं मारली, कलमं वाया घालवली, त्याची रुखरुख राहिली नाही. या एका उत्तराची राहिली.

मे महिनाभर मी येता-जाता ते झाड बघून यायची, म्हणजे शरयू तिकडून जाणार असली की तिच्या गाडीतून. एक काडी वाळली. बाकी तिन्ही काड्यांनी धरलं. जून लागला तशी पानं मोठी व्हायला लागली, पिवळेपणा कमी झाला. पूल जिवंत होते. मला आनंद झाला, आणि तो दाखवायला कुणी नव्हतं म्हणून मी वॉल्टरला तीन बोटं दाखवली. त्यानंही त्याची तीन बोटं वर केली.

पण काम संपलं नव्हतं. कलम बांधताना पट्टी ताणून बांधावी लागते, नाहीतर सांधा धरत नाही. आणि धरल्यावर, महिना-दीड महिन्यानं, तीच पट्टी कापावी लागते. आंब्याला तेच, चेरीला तेच. माझे वडील म्हणायचे की बांधणं दहा जणांना येतं, वेळेवर सोडायची आठवण एकाला राहते. तेव्हा जूनमध्ये मी पट्ट्या कापायला सबनीसांकडे गेले. वटपौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. दारात नव्या दोऱ्याचं रीळ पिशवीत दिसत होतं.

डॉक्टर ड्राइव्हवेच्या कडेला सावलीत घडीच्या खुर्चीवर बसून पेपर वाचत होते. ते आता अर्धा मैल चालायला लागले होते. नलिनीताई झाडाजवळ येऊन उभ्या राहिल्या. मी पहिल्या पट्टीखाली चाकूचं टोक घातलं तसा त्यांनी माझा हात धरला.

"सोडलंत तर निघून नाही येणार?"

"धरलंय आता. ठेवली तर हीच पट्टी त्याला आवळेल."

त्यांनी हात काढला. मी तिन्ही काड्यांच्या पट्ट्या कापल्या. काड्या जागच्या हलल्या नाहीत. सांध्यावर नवी साल आली होती, फिकट, ओठासारखी. त्यांनी एका सांध्यावरून बोट फिरवलं. मग ते बोट तसंच खाली दोऱ्यांवर आलं.

"आणि हे?"

"मला झाडापुरतं कळतं," मी म्हटलं. "झाडाला ते नकोत."

त्याहून जास्त मला खरंच माहीत नव्हतं. नलिनीताई घरात गेल्या. मला वाटलं, झालं, आता वॉल्टरची वाट बघायची. पण त्या शिवणाच्या डब्यातली छोटी कात्री घेऊन बाहेर आल्या. वरचा एक दोरा त्यांनी पात्यांत धरला आणि कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग कापला, आणि लगेच वळून खुर्चीकडे बघितलं.

डॉक्टर पेपर वाचत होते.

त्यांनी दुसरा कापला. वळून बघितलं. तिसरा कापला, वळून बघितलं. चौथ्याला पेपरच्या मागून आवाज आला.

"आहे."

नलिनीताईंनी कात्री पुढे सरकवली. आणखी एक कापला.

"आहे मी."

"गप्प बसा हो तुम्ही," त्या म्हणाल्या. पण हात थांबला नाही. वरचे सुटे दोरे कात्रीनं तुटले. रुतलेल्या दोऱ्यांना कात्री पुरेना. त्यांनी माझ्यापुढे हात केला, मी चाकू उलटा करून मूठ त्यांच्याकडे दिली. दोरा कुठे आहे ते मी नुसतं बोटानं दाखवत होते, दोऱ्याला हात लावला नाही. त्या सालीत टोक घालून दोरा उचलायच्या, कापायच्या, मान वळवायच्या. डॉक्टर दर वेळी पान न उलटता "आहे" म्हणायचे. कधी नुसते खाकरायचे. खाली गवतात पिवळ्या दोऱ्यांचे तुकडे पडत गेले, काहींना सालीचे कण चिकटलेले. नलिनीताईंच्या कपाळावर घाम आला होता आणि बोटांना डिंक.

शेवटचा दोरा सगळ्यात आत होता. तो दिसायचा फक्त एका जागी, बोटाच्या पेराएवढा. मी सांगितलं, तेवढाच कापा, बाकीचा निघणार नाही, झाड त्याच्यावर साल धरेल. त्या गुडघ्यांवर बसल्या. चाकूचं टोक आत घालून थोडा वेळ हलवत राहिल्या आणि दोरा तुटल्याचा बारीकसा आवाज आला. कापलेल्या जागेकडे त्या बघत राहिल्या, टोकं किंचित मागे सरकली तिकडे. या वेळी त्यांनी मान वळवली नाही.

खुर्चीची करकर ऐकू आली. डॉक्टरांनी पेपर मांडीवर ठेवला होता आणि तेच इकडे बघत होते.

"काय गं, संपले का?"

"संपले," नलिनीताई म्हणाल्या. चाकू पदराला पुसून त्यांनी माझ्या हातात दिला आणि उठल्या. "खुर्ची आत घ्या बघू. ऊन आलंय तुमच्या पाठीवर."